पुरावा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवणारा ब्योमकेश

१९९३ साली दूरदर्शनवर ‘ब्योमकेश बक्षी’ ही रहस्यमालिका सुरू झाली, तेव्हा आमच्या घरात टीव्ही एकच होता, त्यामुळे मुलांनी काय पाहावे आणि मोठ्यांनी काय, असा भेद करण्याची सोयच नव्हती. दिग्दर्शन बासू चटर्जींचे, गुप्तहेर ब्योमकेश रजित कपूर, त्याचा मित्र अजित के. के. रैना, आणि त्याची पत्नी सत्यवती हिच्या भूमिकेत सुकन्या कुलकर्णी दिसल्या की घरात कोणीतरी हमखास ‘ही आपली बरं का!’ म्हणायचे.

ही मालिका मला आजही बहुतेक रहस्यमालिकांपेक्षा सरस वाटते, आणि त्याचे कारण निव्वळ स्मरणरंजन नाही. मालिका ज्यांवर बेतली होती त्या बंगाली लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या कथांमधले धागेदोरे बहुधा घरगुती वस्तूंत आणि माणसांच्या सवयींत दडलेले असल्यामुळे तर्क लढवण्याचा हक्क घरातल्या प्रत्येकाला सारखाच मिळे. बाबांचा संशय नेहमी गोड बोलणाऱ्यावर असायचा (पहिल्याच कथेतल्या होमिओपॅथ अनुकूलबाबूंनी त्यांचा हा सिद्धांत कायमचा पक्का करून टाकला होता). आजी मात्र बोलण्याकडे दुर्लक्ष करून माणसांचे हात पाहायची. ‘मकडी का रस’मध्ये कडक पहारा असूनही आजारी म्हाताऱ्यापर्यंत कोळ्याचे विष पोहोचते कसे, यावर आम्ही खिडक्या, नोकर, औषधाच्या बाटल्या असे सगळे चाचपून पाहत असताना ती शांतपणे म्हणाली, ‘अरे, लिहिताना तो टाक जिभेला लावतोय, ते बघा की!’ उलगडा झाल्यावर बाबांनी तिच्यावर गोष्ट आधीच वाचल्याचा आरोप केला, आणि तो बरेच दिवस मागे घेतला नाही.

सायकलच्या घंटीतून ग्रामोफोनची पिन झाडणारा खुनी पाहिल्यावर तर आम्ही भावंडे रस्त्यात घंटी वाजली की छातीवर हात ठेवून बाजूला होत असू. भीती खोटी होती, पण खुनाची ती युक्ती आम्हाला नीट समजली होती, हे महत्त्वाचे. आजच्या अनेक मालिकांत प्रयोगशाळेचा अहवाल येतो आणि गुन्हेगार सापडतो. तो अहवाल येईपर्यंत प्रेक्षकाला करण्यासारखे काहीच नसते.

‘ब्योमकेश’ फार संथ आहे, अशी तक्रार आता ऐकू येते. नेपथ्य साधे होते, हे मान्य. संथपणाबद्दल मात्र मी वाद घालीन, कारण ब्योमकेश गप्प बसून विचार करायचा तेवढ्या वेळातच आमच्या घरातल्या सगळ्यांचे अंदाज बोलून व्हायचे.