रे, कोमल ग, सा, नि

कॉलेजच्या मित्रांच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद पेटलाय: कलावंताने भूमिका घ्यायलाच हवी का? कुणी गप्प बसला, कुणी सत्काराला गेला, की लगेच शिक्का ‘लाचार’. दाखला दुर्गाबाई भागवतांचा. तो खराच मोठा आहे. १९७५ साली, ऐन आणीबाणीत, कऱ्हाडच्या संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्या जयप्रकाशांसाठी बोलल्या आणि पुढे तुरुंगातही गेल्या.

मी ड्रेस्डेनला राहतो. जवळच्या गोरिश या डोंगराळ खेड्यात जुलै १९६० मध्ये सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचने आठवं स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीची रचना, तीन दिवसांत लिहिलं. आता उन्हाळ्यात तिथे एका कोठारात त्याच्या संगीताचा महोत्सव भरतो. तिथेच मी ते ऐकलं. आधी एकटा चेलो चार स्वर लावतो. पेटीवर पांढरी एकचा सा धरलात तर रे, कोमल ग, सा, मंद्र नि. जर्मन स्वरनावांत हे डी, एस, सी, एच होतात; ही त्याच्या नावाची अक्षरं आहेत. मी मेल्यावर माझ्यासाठी कुणी काही लिहिणार नाही, म्हणून मीच लिहिलं, असं त्याने मित्राला कळवलं होतं. चौथ्या भागात तीन आघात येतात, अगदी दारावरच्या थापेसारखे. कोठारात कुणी खोकलंसुद्धा नाही.

त्या थापेची वाट त्याने खरंच पाहिली होती. जानेवारी १९३६ मध्ये स्टालिन त्याचा ऑपेरा संपायच्या आत उठून गेला आणि दोन दिवसांनी ‘प्रावदा’ या पक्षाच्या मुखपत्रात अग्रलेख आला, ‘संगीताऐवजी गोंधळ’. त्याच वर्षी तालमी चालू असताना चौथी सिंफनी मागे घ्यावी लागली. ती वाजली १९६१ साली. घरच्यांसमोर अटक नको म्हणून रात्री तो बॅग भरून लिफ्टपाशी थांबायचा, असं सांगतात.

१९६० मध्येच तो कम्युनिस्ट पक्षात गेला. १९७३ मध्ये सरकारविरुद्ध बोलणाऱ्या सखारोव्ह या शास्त्रज्ञाविरुद्धच्या पत्राखालीही त्याचं नाव आहे. ते मला आजही पचत नाही, आणि त्यावर पांघरूण घालायची माझी तयारी नाही.

ग्रुपवर एकाने विचारलं, ‘मग सगळ्यांना सूट द्यायची का?’

नाही. सहीचा जाब विचारायचाच. पण ज्याच्या दारावर रात्री कधी थाप पडली नाही अशा माझ्यासारख्याने ‘लाचार’ हा शब्द इतक्या सहज वापरू नये. पक्षात गेल्यावर दोनच वर्षांनी याच माणसाने कीव्हजवळच्या बाबी यार दरीत नाझींनी केलेल्या ज्यूंच्या कत्तलीवरची कविता घेऊन तेरावी सिंफनी उभी केली. सरकारला ती नको होती. डिसेंबर १९६२ मध्ये मॉस्कोत ती भर सभागृहात वाजली.