नागनदीत वल्हं मारायचं आहे, पण...

क्वचितच वाहणाऱ्या शहरी ओढ्यात मित्रांसोबत कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) चालवल्याचा एक लेख वाचला आणि आमच्या नागपूरच्या अंबाझरी तलावाचा ओव्हरफ्लो डोळ्यांपुढे आला. तलाव भरून सांडला की खालची नागनदी खरंच नदी दिसते. एरवी तिच्यात वाहतं ते बहुतेक सांडपाणीच. आम्हा चौघांनाही एका पावसाळ्यात मोह झाला होता. पण दोन्हीकडे उभ्या भिंती, वर ठेंगणे पूल. कयाक उलटली तर धरायला काठच नाही! २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिमीहून जास्त पाऊस पडला आणि हेच पाणी लोकांच्या घरांत शिरलं, माणसं गेली. पाणी किती झपाट्याने चढतं, हे लेखात यायलाच हवं होतं. शहराला नाव देणाऱ्या या नदीत स्वच्छ पाण्यावर एकदा तरी वल्हं मारायची इच्छा अजून आहे.