गजाभौचा पंचावन इंची

"टीव्ही घ्यायचा तर पंचावन्नच घ्या. फोरके, क्यूएलईडी, एकशेवीस हर्ट्झ. त्याच्या खाली बघूच नका," असं जावईबापूंनी जाहीर केलं, तेव्हा राजूच्या पानठेल्यावर खर्रा घोटणाऱ्याचा हातसुद्धा थांबला नाही. जावईबापू म्हणजे पाटलांचे जावई. मूळचे मूर्तिजापूरचे, पण हिंजवडीला गेल्यापासून दर वाक्याला 'अहो' लावतात. दिवाळीला आले की सासऱ्याच्या घरी कमी आणि पानठेल्यावर जास्त. गावाचा जावई पडला, म्हणून तोंडावर कोणी काही बोलत नाही. एक दिनूभौ सोडून.

विषय गजाभौचा. बत्तीस इंचाच्या वरच्या टीव्हीचा जीएसटी उतरला त्या दिवसापासून गडी अकोल्याच्या दुकानाची जाहिरात खिशात घालून फिरून रायला. घड्या पडून पडून त्या कागदावरच्या टीव्हीचे चार तुकडे झाले आहेत.

"सरकारनं दहा टक्के कमी केले ना बे, २८ चे १८," गजाभौ म्हणाला.

"दहा कुठचे?" दिनूभौ. "शंभराची वस्तू एकशेअठ्ठावीसले होती, आता एकशेअठराले. पूर्ण किमतीवर काढ हिशोब. पावणेआठ टक्के होतात. बाकीचे सव्वादोन तुह्या उत्साहाचे."

वसंता कोणताही हिशोब सोयाबीनमध्ये करतो. बायकोच्या डिलिव्हरीचा खर्चही त्यानं क्विंटलमध्येच सांगितला होता. "चाळीस हजाराचा टीव्ही. हमीभाव ५,३२८ हाय, थो कागदावर. आपलं बाजारात चार हजारानं गेलं. म्हंजे दहा क्विंटल. औंदा एकरी तीन नाई झालं. लेका गजा, साडेतीन एकर वावर भितीवर टांगून रायला तू!"

"माह्या वावराचं तू नको सांगू. तुह्या धुऱ्यावरचं तन आंधी काढ."

धुऱ्याचा विषय निघाला की संध्याकाळ त्यातच जाते हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून राजूनं घाईघाईनं जावईबापूंना विचारलं, "बापू, थे क्यूएलईडी म्हंजे काय असते?"

जावईबापू सरसावून बसले. "अहो, त्यात काय, प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो. त्यामुळे काळा रंग एकदम काळा."

"थे ओएलईडी झालं बापू," दिनूभौनं तंबाखू चोळता चोळता सांगितलं. "क्यूएलईडीत मांगं दिवेच असतात, साध्या एलईडीत असतात तसे. मधात रंग खुलवाचा एक पापुद्रा जास्तीचा. रंग चांगले दिसतात, नाई म्हनत नाई. पन पिक्सेल काही सोताहून पेटत नाई त्याच्यात."

"तेच म्हणतोय मी."

तेच म्हणत नव्हते, पण जावई माणूस. दिनूभौनं मान डोलावली.

दिनूभौचं पूर्वी दर्यापूर रोडला टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पिक्चर ट्यूब गेली तसं दुकानही गेलं. आता मोटारी भरतो, मोबाइल उघडतो. आम्ही सगळ्यांनी टीव्ही पुढून पाहिला आहे, त्यानं मागून. माझा कल कुठे आहे ते एवढ्यावरून समजलंच असेल.

"गजा, मले एक सांग," तो म्हणाला, "तुह्या घरी टीव्हीत येते काय?"

"येते काय म्हंजे? फ्री डिश हाय ना. छत्री लावून हाय."

"मंग आयक. फ्री डिशवरचे बहुतेक चॅनल साध्या चित्राचे. ७२० बाय ५७६. म्हंजे चार लाखाच्या वर ठिपके. फोरकेच्या काचेवर हायेत ८३ लाख. एका ठिपक्याचे वीस करा लागतात टीव्हीले. पावशेर दुधात पाणी टाकून पाच शेर कराचं काम आहे थे. पडदा मोठा केला की चित्र मोठं होते बावा, चांगलं नाई होत. आता बत्तीस इंचात बातम्यावाल्याचं नाक दिसते ना, पंचावन इंचात थे नाक हाय का भजं, समजनार नाई."

"अपस्केलिंग असतं हो आता! एआय प्रोसेसर असतो," जावईबापू.

"असते नं. पन जे आलंच नाई थे थो एआय कुठून आनते? अंदाजानं भरते. आपल्या तलाठ्यानं पीकपाहनी भरली तशी."

यावर पीकपाहणीचं निघालं. वसंताच्या सातबाऱ्यावर एका वर्षी संत्रा लागला होता. खारपाणपट्ट्यात संत्रा! बरंच हसणं झालं. तेवढ्यात गजाभौला मुद्दा आठवला. "पन मी मोबाइलचं नेट जोडनार ना. पोट्टं म्हनते हॉटस्पॉटवर फोरके चालते."

"चालते. तासाले सात जीबीलोक खाते. तुह्या रोजचा पॅक दोन जीबीचा. सतराव्या मिनटाले डाटा खलास. हिरोचा बाप मराच्या आंधी."

"फायबर येऊन रायली म्हनतात."

"पंचायतीत पेटी लागून हाय. तिच्यावर चिमनीनं घर केलं, तिची दुसरी वीण चालू हाय."

जावईबापूंनी आता क्रिकेट काढलं. पंचावन्न इंच, एकशेवीस हर्ट्झ, म्हणजे चेंडूची शिवणसुद्धा दिसते म्हणे. हिंजवडीला त्यांच्याकडे पासष्ट इंची आहे. दिनूभौचं म्हणणं असं की आपल्याकडचं टीव्ही प्रसारण सेकंदाला पन्नास चित्रांच्या हिशोबानं येतं, एकशेवीसपर्यंतची वरची चित्रं टीव्ही आपल्या मनानं मध्ये घुसवतो. "कोहली बॅट फिरवते एकडाव, टीव्ही मधात दोन-तीनडाव फिरवते. मानसं तेल लावल्यावानी सरकतात. सेटिंगमंदी जाऊन थे पयले बंद कराचं. गेम खेळाचे असन तं एकशेवीस कामाचं हाय. गजा, तू खेळते का गेम?"

"माह्या घरात गेम मीच हावो," गजाभौ म्हणाला. हा त्याचा त्या संध्याकाळचा एकमेव बरा विनोद, म्हणून नोंदवून ठेवतो.

क्रिकेट निघालं आणि २०११ निघालं नाही असं आमच्याकडे होत नाही. २ एप्रिल, वानखेडे. वसंताच्या घरची लाईन गेलेली. गल्लीतली पोरं गजाभौकडे गेली, तर गजाभौच्या बापानं पाहुणे आहेत म्हणून दार लावून घेतलं. धोनीचा शेवटचा सिक्स वसंतानं बाहेर नालीवर उभं राहून, खिडकीच्या गजातून पाहिला. तो हे अजून पचवू शकलेला नाही.

"बापानं लावलं दार, मी नाई," गजाभौ.

"अन् टाळ्या कोन वाजवून रायलं होतं अंदर?"

"अन् तुह्या लग्नात काय झालं थे? मांडवासाठी तारावर आकडा टाकला, न्यूट्रल तुटला, अन् साऱ्या गल्लीत चारशे व्होल्ट! माह्या टीव्हीतून धूर निंगाला. सिक्सचा बदला घेतला यानं, दुसरं काही नाई."

वसंता म्हणाला, आकडा त्याच्या मामानं टाकला होता. मामा आता वारला आहे, त्यामुळे खटला पुढे चालत नाही.

या भांडणातून दिनूभौनं मात्र कामाचं तेवढं उचललं. टीव्हीच्या मागे १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे कमी दाबाचं फार भ्यायचं कारण नाही. मारतो तो वरचा. न्यूट्रल गेला की दोन फेजा घरात शिरतात. म्हणून जास्त व्होल्टेज आलं की तोडणारा स्टॅबिलायझर पाहिजे, आणि वीज कडाडली की सॉकेटची पिन आणि छत्रीची वायर, दोन्ही उपटायच्या. "पॅनल, म्हंजे पडदाच, गेला की टीव्ही गेला समज. त्याचा भाव नव्याच्या जवळपास जाते. मांगच्या पट्ट्या, बोर्ड, थे मी करून देतो."

"कंपनीची ऑनसाइट सर्व्हिस असते," जावईबापू.

"असते ना. मानूस अमरावतीहून येते. येते म्हंजे शकुंतलेत बसला असन, अजून उतरला नाई."

शकुंतला रेल्वे बंद पडून किती काळ लोटला ते जावईबापूंना आमच्याहून जास्त माहीत. मूर्तिजापूरचेच ना. ते पण हसले, आणि हसता हसता फसले. कारण दिनूभौनं लगेच विचारलं, "बापू, तुमच्या पासष्ट इंचीवर तुमी पाह्यता काय?"

"म्हणजे... सगळंच. वेळ मिळेल तसं."

"घरी किती वाजता पोचता?"

"ट्रॅफिक असतं हो. नऊ, साडेनऊ. मग जेवण. मग..."

"मंग?"

"झोपतो."

"अन् ताई?"

ताई म्हणजे आमच्याच गावची पोर. जावईबापू जरा थांबून म्हणाले, "ती मोबाइलवर बघते."

राजूनं पाठ फिरवून कात्याचा डबा पुसायला घेतला. डबा स्वच्छच होता.

गजाभौचा उत्साह आता अर्ध्यावर आला होता, पण दिनूभौ त्याला टीव्ही घेऊ नको म्हणत नव्हता, हे मला त्याचं आवडतं. दुकानात कसं पाहायचं ते त्यानं नीट सांगितलं. दुकानदार फुलं आणि पोपट दाखवतो, रंग भडक करून. त्याला म्हणायचं, ते राहू दे, फ्री डिशचा चॅनल लाव. आपल्या बैठकीत माणसं बसतात कुठे? पाहुणा खुर्चीत, पोरं खाली, आणि म्हातारी दाराशी बाजेवर, एकदम तिरकी. काही पॅनल समोरून झकास आणि बाजूनं फिके पडतात, म्हणून दुकानात म्हातारीच्या जागेवर उभं राहून पाहायचं. आवाजाचं तर विचारूच नका. टीव्ही पातळ झाले, स्पीकरला जागा उरली नाही, वरून त्यांची तोंडं खाली. म्हातारीला आधीच कमी ऐकू येतं. जुना होम थिएटर जोडायचा तर लाल-पांढऱ्या पिनांची सोय कोणत्या मॉडेलला आहे ते घ्यायच्या आधी पाहायचं. नवा साउंडबार घ्यायचा तर एचडीएमआयच्या भोकावर एआरसी लिहिलेलं पाहायचं, टीव्हीचा आवाज साउंडबारला तिथूनच जातो. रॅम दोन जीबीच्या खाली नको. बस.

"अन् साइज?" गजाभौ.

"भित किती हाय?"

हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. गजाभौनं पोट्ट्याला टेप घेऊन घरी पिटाळलं. बैठकीत दार आणि खिडकीच्या मधात जेवढी भिंत आहे तेवढीच जागा. दुसऱ्या भिंतीवर गजानन महाराजांचा फोटो आहे, तो हलवायचं नावही म्हातारीपुढे काढता येत नाही. पोट्टं धापा टाकत आलं. "एक्केचाळीस इंच!"

जावईबापू हळहळले. "अरेरे. मग त्रेचाळीससुद्धा नाही बसणार हो. चाळीसच्या आत बघावं लागेल."

कोणी काही बोललं नाही. दिनूभौनं तंबाखूची चिमूट ओठात धरली आणि बोटानं हवेत एक तिरपी रेघ मारली. "बापू, टीव्ही कोनाकोनी मोजतात. त्रेचाळीसची रुंदी साडेसदतीस भरते."

पानठेला फुटला. राजूसकट. जावईबापू लालबुंद झाले, आणि हिंजवडीहून थेट मूर्तिजापूरला आले. "अबे मंग आंधी काहून नाई सांगतलं बे? घंटाभरापासून मले कायले बोलू देऊन रायले होते!"

"आता कसे घरचे वाटले," वसंता म्हणाला आणि त्यांच्यापुढे खर्रा धरला. त्यांनी तो घेतला.

"पन पंचावनचं काय?" गजाभौचा जीव अजून त्या चार तुकड्यांत होता.

"त्याले अठ्ठेचाळीस लागतात. खिडकी बुजवा लागन."

"मंग बुजवतो," गजाभौ वसंताकडे पाहत म्हणाला. "तशी बी त्या खिडकीतून भामटे डोकावतात."

"बुजव, बुजव," वसंता म्हणाला. "पन मंग पुढच्या फायनलले मले अंदर बोलवा लागन."