तापीतल्या कयाक सफरीबद्दल खुलासा

‘दसऱ्यानंतर भुसावळहून नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशापर्यंत तापी मोकळी, कयाक (वल्ह्याची छोटी, निमुळती होडी) एकदा पाण्यात टाकली की थेट प्रकाशालाच काढायची’ असा मेसेज फिरतोय. तसं नाही. वाटेत शेळगाव, सुलवाडे, सारंगखेडा इथे बॅरेज, म्हणजे नदीवर आडवे दरवाजे असलेले बंधारे आहेत. प्रत्येक ठिकाणी बोट उचलून काठाने न्यावी लागते. सामानासकट चिकणमातीचा उभा काठ चढून बघा, मग कळेल!

मुक्काम नदीतल्या वाळूच्या पट्ट्यावर करायचा असं कुणी म्हणत असेल, तर तेही चूकच. आपल्याकडे आभाळ निरभ्र असलं तरी वर मध्य प्रदेशात मुलताई-बैतूलकडे किंवा तापीला मिळणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात पाऊस झाला की भुसावळच्या वरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडतात आणि खाली पाणी वाढतं. तंबू काठाच्या वर, केळीच्या बांधालगत लावायचा, मळेवाल्याला विचारूनच. धरणातून किती पाणी सोडलंय याची चौकशी रोज सकाळी करा.