जेन मॅलेटबाईंची कारकीर्द सिनेमांच्या यादीवरून मोजू नका

एखाद्या नटीचं नाव कानावर आलं की आपण पहिल्यांदा फोनवर तिचे सिनेमे शोधतो. कॅनडाच्या जेन मॅलेट यांच्या बाबतीत ही सवय साफ फसते. सापडतात त्या थोड्याशा पडद्यावरच्या भूमिका, त्यातल्या बऱ्याचशा उतारवयातल्या. त्या वाचून कुणालाही वाटेल की बाई कधीतरी हौस म्हणून कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या असतील. प्रत्यक्षात टोरांटोच्या रंगभूमीवर आणि रेडिओवर त्यांनी अर्धं शतक काम केलं. जिथे केलं ती माध्यमंच मागे काही न ठेवणारी होती, एवढंच. माझं म्हणणं स्पष्ट आहे: इंग्रजी भाषक कॅनडातला व्यावसायिक नट हा प्रकार ज्यांच्यामुळे उभा राहिला त्यात मॅलेटबाईंचं नाव फार वर आहे, आणि ते कळायला त्यांचं रोजचं काम कसं चालायचं हे बघावं लागतं.

जन्म 1899 चा, ओंटारिओतल्या लंडन गावचा. टोरांटो विद्यापीठात शिक्षण आणि तिथल्याच हार्ट हाउस थिएटरमध्ये नाटकं. 1919 साली सुरू झालेलं हे थिएटर हार्ट हाउस या विद्यापीठाच्या विद्यार्थी केंद्राच्या तळघरात आहे. त्या काळात इंग्रजी कॅनडात नाटक करून पोट भरणं जवळजवळ अशक्य होतं. मोठ्या नाट्यगृहांत ब्रिटन आणि अमेरिकेतून आलेल्या कंपन्यांचे दौरे चालत. स्थानिक मंडळी हौशी नाटक करायची, आणि 1930 च्या दशकात त्या हौशी नाटकाचा सर्वांत मोठा मंच म्हणजे डोमिनियन ड्रामा फेस्टिव्हलची स्पर्धा. सरकारी मदत देणारी कॅनडा कौन्सिल यायला 1957 साल उजाडलं. मग नटांना घरभाड्याचे पैसे कुठून मिळत? रेडिओतून. सीबीसी या कॅनडाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेची स्थापना 1936 ची. पुढची पंधरा-वीस वर्षं तिथल्या नाट्यविभागानेच टोरांटोच्या नटांना नियमित काम दिलं. कॅनडाचं खरं राष्ट्रीय रंगमंदिर तेव्हा रेडिओवर होतं असं म्हटलं जातं, आणि मला ते शब्दशः पटतं.

जानेवारी 1944 मध्ये सीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख अँड्र्यू ॲलन यांनी ‘स्टेज 44’ ही मालिका सुरू केली. दर वर्षी नावातला आकडा बदलायचा. रविवारी संध्याकाळी नवं नाटक, सुरुवातीला अर्ध्या तासाचं, पुढे तासाभराचं. त्यातली कितीतरी नाटकं कॅनडाच्याच लेखकांनी मुद्दाम रेडिओसाठी लिहिलेली. लोकप्रियतेत पुढे फक्त शनिवारचं हॉकीचं प्रसारण. ॲलन यांच्या नटसंचात जॉन ड्रेनी, टॉमी ट्वीड, लॉर्न ग्रीन, रूथ स्प्रिंगफर्ड आणि जेन मॅलेट ही नेहमीची नावं. लूचो अगोस्तिनी यांचा वाद्यवृंद त्याच स्टुडिओत बसून संगीत द्यायचा. सगळं थेट. चूक झाली तर ती देशभर ऐकू जायची.

या कामात नेमकं काय करावं लागायचं ते जरा सविस्तर लिहितो, कारण ‘नुसतं कागद बघून वाचायचं’ हा गैरसमज मला सर्वांत जास्त खटकतो.

त्या वेळचे स्टुडिओ माइक बहुतेक रिबन जातीचे. आत धातूची अतिशय पातळ पट्टी. हा माइक पुढून आणि मागून ऐकतो, दोन्ही बाजूंना जवळजवळ बहिरा असतो. त्यामुळे दोन नट समोरासमोर, मध्ये माइक ठेवून बोलू शकत आणि नजरेला नजर देऊन प्रसंग खेळवू शकत. साधं बोलणं वीतभर ते हातभर अंतरावरून. फार जवळ गेलं की आवाजातला खर्ज फुगतो. प्रेमाच्या कुजबुजीला ते चालतं, बाकी ठिकाणी शब्द गढूळ होतात. ओरडायचं असेल तर दोन पावलं मागे जाऊन तोंड थोडं वळवायचं, नाहीतर आवाज फाटतो. ‘प’, ‘ब’ सारखी अक्षरं सरळ माइकवर आदळली की धप्प असा आवाज येतो, आणि जोराची फुंकर बसली तर ती पट्टीच ताणली जाते. दुरून चालत येणारं पात्र हवं असेल तर नटाने माइकच्या बहिऱ्या बाजूला उभं राहून संवाद सुरू करायचा आणि बोलत बोलत समोर यायचं. हे सगळं आवाजाचं नेपथ्य आहे, आणि ते नटाच्या पायांनी लावलं जातं.

संहितेची पानं सुटी ठेवायची. टाचणी असली तर पान उलटताना खसखस ऐकू जाते. वाचून झालेलं पान अलगद बाजूला सरकवायचं किंवा खाली सतरंजीवर सोडायचं. (मुंबई आकाशवाणीवर श्रुतिका केलेल्या कुणालाही हे नवं वाटणार नाही.) दिग्दर्शक काचेपलीकडे, त्याच्या खुणा बघता बघता वाचायचं. बोट गोल फिरवलं की वेग वाढवा, दोन्ही हात ताणले की सावकाश. तालमीत प्रत्येक पानावर वेळ नोंदवलेली असते. प्रक्षेपणात नाटक वीस सेकंद पुढे गेलं की ती वीस सेकंदं उरलेल्या विरामांतून भरून काढायची, भाव न बिघडवता. कसलेला नट आणि नवखा इथे वेगळे कळतात. नवखा घड्याळाच्या धास्तीने सगळंच ओढत नेतो. जाणता फक्त दोन-तीन जागा लांबवतो आणि श्रोत्याला त्या त्याच पात्राच्या वाटतात.

आणखी एक गोष्ट. रेडिओत एकच नट दोन-तीन पात्रं करायचा. तिथे नुसता आवाज जाड-बारीक करून भागत नाही. माइकवर ते सोंग लगेच उघडं पडतं. श्वास कुठे घ्यायचा, वाक्य कुठे तोडायचं, कुठल्या प्रांताचे स्वर वापरायचे, हे बदलावं लागतं. ‘स्टेज’ सुरू झालं तेव्हा मॅलेटबाई चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. रंगमंचावर या वयाच्या बाईला मोजक्याच भूमिका मिळतात. माइकसमोर ती शेतकऱ्याची बायको होऊ शकते, सरदारीण होऊ शकते, ऐंशीची आजी आणि विशीतली मोलकरीणही. चरित्र अभिनेत्रीला यापेक्षा मोकळं माध्यम मिळालेलं नाही, या मतावर मी ठाम आहे.

त्यांची दुसरी बाजू विनोदाची. 1930 च्या दशकात त्यांनी ‘टाउन टॉनिक्स’ नावाचे गाणी-प्रहसनांचे कार्यक्रम केले, शहरातल्या शिष्ट लोकांना चिमटे काढणारे. मग 1948 साली डोरा मेव्हर मूर यांच्या न्यू प्ले सोसायटीने रॉयल ओंटारिओ म्युझियमच्या तळघरातल्या सभागृहात ‘स्प्रिंग थॉ’ हा कार्यक्रम लावला. ठरलेलं नाटक वेळेत तयार झालं नाही म्हणून घाईघाईने जमवलेला हा प्रकार दर वसंतात होत राहिला आणि 1971 पर्यंत चालला. मॅलेटबाई पहिल्या वर्षापासून त्यात होत्या. अशा कार्यक्रमात प्रसंग चार-पाच मिनिटांचा. पात्र उभं करायला पहिली तीस सेकंदं, शेवटचं वाक्य पडताक्षणी काळोख, आणि त्या काळोखात पुढची टोपी. हशा ओसरायच्या आत पुढचं वाक्य घेतलं तर ते वाया जातं, हशा पुरता थांबल्यावर घेतलं तर प्रसंग थंडावतो. हशा उतरणीला लागला की बोलायचं. ही जागा रोज रात्री बदलते आणि ती तालमीत शिकवता येत नाही. कॅनडाच्या प्रेक्षकांना स्वतःच्याच राजकारण्यांवर, स्वतःच्याच शहरावर नाट्यगृहात बसून हसायची सवय या मंडळींनी लावली.

8 सप्टेंबर 1952 रोजी टोरांटोत सीबीसी टेलिव्हिजन सुरू झालं. मॅलेटबाई त्रेपन्न वर्षांच्या. त्या टीव्हीवरही दिसत राहिल्या, पण माध्यम बदललं की चरित्र अभिनेत्रीच्या हातून काय जातं ते बघा. कॅमेऱ्याला वय दिसतं. विशीतली मोलकरीण गेली, सरदारीणही बहुधा गेली. आजी, शेजारीण, मावशी उरली. शिवाय सुरुवातीचं टीव्ही नाटकही थेटच, तेही कितीतरी अधिक अडचणींचं. कॅमेऱ्यांना भरपूर उजेड लागायचा, त्यामुळे स्टुडिओ भट्टीसारखा तापायचा आणि रंगभूषा वितळायची. पांढराशुभ्र कपडा पडद्यावर नुसता चमकायचा, म्हणून फिकट निळा किंवा पिवळसर घालायचा. जमिनीवरच्या खुणेपासून वीतभर सरकलं तरी डोक्यावरच्या माइकची सावली चेहऱ्यावर. कागद हातात नाही. देशभर मायक्रोवेव्हचं जाळं 1958 मध्ये पुरं झालं. तोवर लांबच्या शहरांना पडद्यावरून फिल्मवर उतरवलेली धूसर प्रत पाठवली जायची. त्यातल्या किती जपल्या गेल्या हा वेगळा, वाईट विषय.

याच रेडिओ संचातले लॉर्न ग्रीन दक्षिणेला, अमेरिकेत गेले आणि ‘बोनान्झा’ या टीव्ही मालिकेमुळे जगाला माहीत झाले. टोरांटोच्या रेडिओवर भरपूर काम केलेले जेम्स डूहान ‘स्टार ट्रेक’चे स्कॉटी झाले. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. काम जिथे असेल तिथे नट जाणारच. पण अजूनही कॅनडात एखाद्याचं मोठेपण तो अमेरिकेत किती चालला यावर ठरवतात, ते मला मुळीच मान्य नाही. राहणाऱ्यांनी काय केलं? 1940 च्या दशकात टोरांटोच्या रेडिओ कलावंतांनी आपली संघटना बांधली, मानधनाचे किमान दर मागितले. आजची ‘ॲक्ट्रा’ ही कलावंतांची संघटना तिथूनच वाढली. आणि 1958 मध्ये मॅलेटबाईंनी सहकाऱ्यांसह ॲक्टर्स फंड ऑफ कॅनडा स्थापन केला.

या फंडाचं महत्त्व नटाचा जमाखर्च ठाऊक असलेल्याला लगेच कळेल. नट आजारी पडला तर रजा नाही, कारण नोकरीच नाही. रेडिओ नटाचा घसा महिनाभर बसला म्हणजे महिनाभराची कमाई शून्य, आणि तेवढ्यात दुसरा आवाज त्याच्या जागी रुळलेला. घरभाडं, औषधं, दात, कधी अंत्यसंस्काराचा खर्च, अशा वेळी हातात पैसे देणारी ही संस्था. ती आज ‘एएफसी’ नावाने चालते आणि मदत फक्त नटांना नाही, पडद्यामागच्या कामगारांनाही करते. एका नटीच्या कारकिर्दीत मी हे काम कुठल्याही भूमिकेइतकंच मोठं धरतो. वार्षिक पुरस्कारांचे सोहळे पुष्कळ असतात. भाड्याचा चेक देणारी व्यवस्था फार थोड्यांना सुचते.

त्यांचं 1984 मध्ये निधन झालं. पुढे टोरांटोतल्या सेंट लॉरेन्स सेंटर या कलाकेंद्रातल्या सुमारे पाचशे आसनांच्या सभागृहाला जेन मॅलेट थिएटर हे नाव दिलं गेलं. पत्ता 27, फ्रंट स्ट्रीट ईस्ट. युनियन स्टेशनवरून चालत काही मिनिटं. टोरांटोत मराठी माणसं पुष्कळ आहेत, त्यातल्या कितीतरी जणांनी हे नाव तिकिटावर वाचलं असेल.

त्यांचं काम ऐकायचं असेल तर अडचण अशी आहे. थेट प्रसारण जपायचं तर सोळा इंची तबकडीवर उतरवत. एका बाजूला जेमतेम पंधरा मिनिटं मावत, म्हणजे तासाच्या नाटकाला चार बाजू. वरचा लाखेसारखा थर दर वेळी सुईने झिजतो आणि वर्षानुवर्षांनी पापुद्रे धरून सुटतो. म्हणून बऱ्याच नाटकांची आज संहिताच वाचावी लागते. मॉन्ट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठाने सीबीसीच्या रेडिओ नाटकांच्या संहितांचा मोठा संग्रह केला आहे. जी ध्वनिमुद्रणं टिकून आहेत ती सीबीसीने कलावंतांच्या पूर्ण नावांसह सर्वांसाठी खुली करावीत, ही माझी मागणी आहे. तोवर ‘स्टेज’ मालिकेचा एखादा भाग हाती लागलाच तर हेडफोन लावून ऐका, आणि मागच्या ओळीतल्या बायकांच्या आवाजांकडे लक्ष द्या. एकच बाई किती घरांत शिरते आहे ते मोजून बघा.