बायकोची सही आणि सहा महिन्यांची कोठडी

'पेशंटला घरून घेऊन जाण्याची सोय.' व्यसनमुक्ती केंद्राच्या जाहिरातीतली ही ओळ वाचून तिचा अर्थ काय, हे ज्यांच्या घरात पिणारा माणूस आहे त्यांना विचारा. रात्री गाडी येते, तीन-चार दणकट पोरं उतरतात आणि माणसाला उचलून नेतात. शेजारीपाजारी मध्ये पडत नाहीत. उलट 'सुटली बिचारी' म्हणतात.

मी वकिली करते. घटस्फोटाचं, पोटगीचं विचारायला येणाऱ्या बायकांच्या पिशवीतून कधीकधी एक कागद निघतो. स्टँप पेपरवर छापील मजकूर, नावापुरती रिकामी जागा: 'माझ्या पतीस सहा महिन्यांसाठी स्वखुशीने दाखल करीत आहे. उपचारादरम्यान जिवाचे बरेवाईट झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही.' खाली बायकोची सही, शेजारी दिराचा अंगठा. ज्याला कोंडायचंय त्याची सही कुठेच नाही. स्वखुशी कोणाची, तर बायकोची!

या कागदाला कायद्यात कवडीची किंमत नाही. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. मानसिक आजाराच्या त्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांमुळे उद्भवणारी मानसिक स्थितीही आहे. म्हणजे असे रुग्ण ठेवून घेणाऱ्या केंद्राने पाटीवर 'आश्रम' लिहो, 'फाउंडेशन' लिहो, नोंदणी करावीच लागते. रुग्ण आपणहून दाखल झाला असेल तर मागेल तेव्हा त्याला सोडायचं. फार तर तपासणीसाठी 24 तास थांबवता येतं. साखळदंडाला पूर्ण बंदी. एकट्याला कोंडून ठेवायला बंदी. बळजबरीने टक्कल करायला बंदी, फुकट राबवून घ्यायला बंदी. (केंद्रातल्या भांडी-झाडूला 'वर्क थेरपी' म्हणतात. मग मजुरी द्या की.)

केंद्रचालकांचं म्हणणं असतं, 'मॅडम, कायदा पाळला तर एकही पेशंट टिकणार नाही.' हे निम्मं खरं आहे. पिणारा माणूस 'मला काय झालंय' इथूनच सुरुवात करतो. पण कायद्याने ही अडचण धरलेली आहे. माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला असेल, किंवा स्वतःकडे बघण्याच्याही स्थितीत नसेल, तर त्याच्या प्रतिनिधीच्या (त्याने स्वतः नेमलेल्या, नाहीतर जवळच्या नातेवाइकाच्या) अर्जावरून इच्छेविरुद्धही 30 दिवसांपर्यंत दाखल करता येतं. त्यासाठी दोघांनी वेगवेगळं तपासायचं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञच हवा, आणि सात दिवसांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला, म्हणजे अशा दाखल्यांवर देखरेख ठेवणाऱ्या कायदेशीर मंडळाला, कळवायचं. बाई असेल तर तीन दिवसांत. पुढे ठेवायचं तर मंडळाची परवानगी. केंद्रांना नको आहे ते हेच. कारण तिथे डॉक्टर म्हणजे महिन्यातून एकदा येऊन रजिस्टरवर सह्या करणारा माणूस.

आणि डॉक्टर नसणं ही कागदोपत्री उणीव नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली की हातपाय कापायला लागतात, फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांत काहींना भास सुरू होतात, भिंतीवर किडे दिसतात, अंग तापतं, माणूस बडबडतो. हे जिवावर बेततं. त्याला योग्य औषध लागतं, व्हिटॅमिन बी-1 चं इंजेक्शन लागतं, रात्रभर लक्ष ठेवणारं माणूस लागतं. कुलूपबंद खोलीत मात्र याला 'नाटकं' म्हणतात आणि दोन लगावतात. बरेवाईट झाल्यास संस्था जबाबदार नाही, हे वाक्य त्याच रात्रीसाठी छापलेलं असतं.

तमिळनाडूत एरवाडीच्या एका खाजगी मनोरुग्ण केंद्राला 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेल्या 28 मनोरुग्णांचा जीव गेला. तेव्हा देश हळहळला. व्यसनी माणसासाठी तशी हळहळ होत नाही, 'स्वतःच्या कर्माने गेला' म्हणून मोकळे होतात.

वेगळं करता येतं, हे आपल्याकडे पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने 1986 पासून दाखवलंय, तेही येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरुवात करून. पण एका मुक्तांगणवर महाराष्ट्र किती ढकलणार?

माझा राग बायकोवर नाही. मार खाऊन, मंगळसूत्र गहाण पडून ती त्या गाडीवाल्याला फोन करते, कारण दुसरं कोणी फोन उचलत नाही. 2019 च्या केंद्र सरकारच्या पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळाल्याचं आढळलं. ही पोकळी सरकारची, त्यावर धंदा या लोकांचा. अनुदान सामाजिक न्याय खातं देतं, कायदा आरोग्य खात्याचा, आणि विनानोंदणी केंद्राला पहिला दंड पाच ते पन्नास हजार. दोन-तीन पेशंटच्या फीमध्ये वसूल! जिल्हा रुग्णालयात दारू तोडण्यासाठी राखीव खाटा द्या आणि केंद्रांवर अचानक धाडी घाला. दोन्ही एकदम करा. नुसत्या धाडी घातल्या तर ती बाई पुन्हा मार खायला घरीच.

ज्यांच्या घरी आज हा प्रश्न आहे त्यांनी आधी 14446 या सरकारी हेल्पलाइनवर बोला. केंद्राला नोंदणी क्रमांक विचारा, रात्री डॉक्टर कोण असतो ते विचारा. 'पहिला महिना घरच्यांशी बोलू देत नाही' असं उत्तर आलं, तर तिथे माणूस ठेवू नका.