डॉलर मोजून खड्ड्यात

साउथ टेक्सासात पक्ष्यांचे फोटो काढायचे तर आधी कोणाच्या तरी मालकीच्या जमिनीवर पाय ठेवावा लागतो, कारण या राज्यातली ९५ टक्क्यांहून जास्त जमीन खाजगी आहे. म्हणजे कुंपण, फाटक, फाटकाला कुलूप. आपण रँचवाल्याला (रँच म्हणजे गुरांचं मोठं शेत) डॉलर मोजायचे आणि त्याने आपल्याला खड्ड्यात बसवायचं, असा हा सगळा व्यवहार.

या खड्ड्याला ब्लाइंड म्हणतात. अर्धी जमिनीत गाडलेली खोली, समोर छोटंसं पाणवठ्यासारखं डबकं आणि पाण्याच्या लेव्हलला एक लांबट फट, तिच्यातून लेन्स बाहेर काढायची. का, तर पक्ष्याच्या नजरेच्या उंचीवरून फोटो भारी येतो. सकाळचा ब्लाइंड वेगळा आणि दुपारचा वेगळा, कारण ऊन आपल्या पाठीमागून यायला पाहिजे, आणि सकाळच्या ब्लाइंडमध्ये उजाडायच्या आत जाऊन बसावं लागतं. मालकांनी जाता जाता सांगितलं, आत टॉर्च मारून कोपरे तेवढे बघून घ्या, रॅटलस्नेकला, म्हणजे विषारी सापाला, पण सावली आवडते. नंतर सकाळभर बायकोच्या चिप्सच्या पाकिटाचा जरा आवाज झाला की मी पाय वर घेत होतो.

आत गेलं की बोलायचं नाही, शिंकायचं नाही, लेन्स झटकन हलवायची नाही. बाथरूमबद्दल मी काही लिहीत नाही, फक्त एवढंच की एकदा बाहेर पडलात की सगळे पक्षी उडतात आणि मग ते परत येईपर्यंत बाकीचे फोटोग्राफर तुमच्याकडे ज्या नजरेने बघतात त्यापेक्षा तहान सहन केलेली बरी (मे महिना, पारा ३५ च्या वर, टिनाचं छप्पर).

आणि लोकांना वाटतं हे जंगल! अहो, ती सुंदर वाळकी फांदी आहे ना, ती मालकांनीच आणून रोवलेली असते, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूने तिला भोकं पाडून त्यात पीनट बटर भरलेलं असतं. अर्धं कापलेलं संत्रं पण असंच मागे खोचलेलं. ग्रीन जे नावाचा हिरवा-पिवळा, निळ्या डोक्याचा पक्षी, अमेरिकेत तो फक्त याच भागात दिसतो, त्याला बघायला लोक कुठून कुठून येतात, आणि तो टोळीने येऊन पहिल्या पंगतीला बसल्यासारखा ते पीनट बटर चापतो. बिचारे कार्डिनल पक्षी बाजूला उभे.

रोडरनर, म्हणजे जमिनीवर पळणारा पक्षी, आला तो थेट फटीसमोर. माझी ६०० मिलिमीटरची, लांबचं टिपणारी लेन्स, चार-साडेचार मीटरच्या अलीकडचं तिला काही दिसतच नाही. तो उभा दीड मीटरवर, चोचीत सरडा, अगदी पोज देऊन. बायको कानात, "अरे काढ ना!" मी फोकस रिंग फिरवतोय, लेन्स नुसती गुरगुरतेय. मग जॅव्हलिना आले, डुकरासारखे दिसतात पण डुकरं नाहीत, पाठीवर वासाची ग्रंथी असते त्यांच्या, त्यामुळे दिसायच्या आधी नाकाला कळतात. मला तेव्हा वाटलं यापेक्षा घाण वास असूच शकत नाही.

दुपारी कॅराकाराचा ब्लाइंड. ससाण्याच्या कुळातला पक्षी, चेहरा केशरी, डोक्यावर काळी टोपी, एकदम राजबिंडा, पण खातो मेलेलं. म्हणून समोर मेलेलं ठेवतात, आणि ते ताजं असावं असा काही नियम नाही. वारा तिकडून आमच्याकडे. बायकोने ओढणीची दोन पदरी घडी करून नाकाला बांधली, मी एका हाताने नाक धरून दुसऱ्याने शटर दाबत होतो, आणि तेवढ्यात दोन कॅराकारा मांसावरून भांडायला लागले, पंख उघडे, पाय हवेत, काय सांगू, फोटो जबरदस्त आलेत.

संध्याकाळी मालक म्हणाले, उद्या दुपारी हाच ब्लाइंड रिकामा आहे, बसता का परत? मी हो म्हणायच्या आत बायकोने विचारलं, "उद्या वारा कुठून आहे?"